ला पोसादा: रूट ६६ वरचे रेल्वे हॉटेल

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील विन्स्लो या छोट्या गावात ‘ला पोसादा’ हे हॉटेल १९३० साली सुरू झाले. सांता फे रेल्वेच्या प्रवाशांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय तेव्हा फ्रेड हार्वे कंपनी पाहत असे. तिच्या वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेला स्पॅनिश जमीनदाराचा वाडा कल्पिला आणि इमारतीपासून बागा व फर्निचरापर्यंत सारे त्याच कल्पनेतून घडवले. आपल्या सर्व कामांत ही वास्तू त्यांना सर्वाधिक प्रिय होती.

पुढे मोटारी आणि विमानांमुळे रेल्वेचे प्रवासी घटले. १९५७ साली हॉटेल बंद पडले. आतले सामान लिलावात गेले, दालनांत रेल्वेची कार्यालये थाटली गेली आणि कालांतराने इमारत पाडली जाण्याची वेळ आली. अखेर १९९७ साली अ‍ॅलन अफेल्ट यांनी ती विकत घेतली. लोक राहायला येत असतानाच खोल्या टप्प्याटप्प्याने दुरुस्त होत गेल्या, त्यामुळे जुनी वास्तू स्वतःच्या कमाईवर उभी राहू शकली.

आज हॉटेलच्या एका बाजूला जुना रूट ६६ महामार्ग आहे, तर दुसऱ्या बाजूला लोहमार्ग. शिकागो-लॉस एंजेलिस गाडी येथे थांबते. मोटारीने येणाऱ्यांना पश्चिमेकडे सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे उल्काविवर आणि पूर्वेकडे अश्मीभूत वृक्षांचे राष्ट्रीय उद्यान येथूनच पाहून येता येते.