एका कानात इम्प्लांट, दुसऱ्या कानात श्रवणयंत्र : दोहोंची जुळणी का हवी?

कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया पार पडल्यावर दुसऱ्या कानाच्या जुन्या मशीनचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे येतो. पुष्कळदा त्याचे उत्तर तज्ज्ञांना न विचारताच ठरते आणि ते मशीन कपाटात जाते. त्या कानात थोडीफार श्रवणशक्ती शिल्लक असेल तर हा निर्णय नुकसानीचा ठरतो. मशीन चालू ठेवले, पण इम्प्लांटशी त्याची जुळणी केली नाही, तरीही त्याचा पुरता लाभ मिळत नाही.

बीदर जिल्ह्यातील कमलनगर हे उदगीर आणि भालकी यांच्यामधले, रेल्वेमार्गावरील तालुक्याचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. घराघरांतील मराठी मात्र टिकून राहिली. केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेतून पात्र कुटुंबांतील लहान मुलांना इम्प्लांट मिळते, ते साधारणतः एकाच कानात. मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामी मध्यवर्ती आहे. कर्नाटकात १९६५ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था म्हैसूरला, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. अशा मोठ्या केंद्रांपासून दूर असलेल्या कुटुंबाला तेथील प्रत्येक भेटीसाठी प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी सोसावी लागते. म्हणूनच त्या भेटीत नेमके काय व्हायला हवे, हे आधी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दोन्ही यंत्रांचे काम मुळातच भिन्न आहे. श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. पुढचे काम कानाने स्वतःच करायचे असते. इम्प्लांट मात्र आवाजाचे विद्युत्-स्पंदांत रूपांतर करून ते थेट श्रवणचेतेला देते. मेलबर्न येथे १ ऑगस्ट १९७८ रोजी डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी आपले पहिले बहुवाहिनी इम्प्लांट बसवले. आजच्या प्रचलित इम्प्लांटमध्ये बनावटीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. जे काम निरोगी कानात हजारो केशपेशी करतात, ते या मोजक्या बिंदूंवर सोपवलेले असते. त्यामुळे शब्द उमगतात, पण स्वराची उंची, म्हणजे आवाजाचा चढउतार, पुसट राहतो.

मराठीत या चढउताराला मोल आहे. ‘आई आली.’ आणि ‘आई आली?’ यांतील शब्द तेच. फरक केवळ शेवटी चढणाऱ्या स्वराचा. ही माहिती खालच्या पट्टीतील ध्वनींत असते आणि दुसऱ्या कानात उरलेली श्रवणशक्ती बहुधा त्याच पट्टीत असते. याउलट ‘सात’ आणि ‘हात’ यांतील भेद ओळखायला लागणारा ‘स’ वरच्या पट्टीतला आहे. तो इम्प्लांट पोचवते. दोन्ही यंत्रे अशी परस्परपूरक आहेत. गोंगाटात बोलणे समजणे, आवाजाची दिशा कळणे, गाण्याची गोडी लागणे, यांसाठी ही जोडी उपयोगी पडते.

जुळणीची सुरुवात प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे तपासण्यापासून होते. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी इम्प्लांट प्रथम सुरू करतात. प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी किती विद्युत्प्रवाहाला आवाज जेमतेम जाणवतो आणि किती प्रवाहापर्यंत तो मोठा तरी सुसह्य वाटतो, या दोन मर्यादा ठरवल्या जातात. यालाच ‘मॅपिंग’ म्हणतात. पहिल्या काही महिन्यांत या मर्यादा बदलत राहतात, म्हणून भेटी वारंवार असतात. पुढे त्या विरळ होतात. श्रवणयंत्रासाठी कानाची ताजी श्रवणचाचणी हवी, साचा घट्ट बसलेला हवा आणि कानाच्या नळीत बारीक मायक्रोफोन ठेवून प्रत्यक्ष पोचणारा आवाज मोजलेला हवा.

मग दोन्ही यंत्रे एकत्र चालू करून समोरून हलका, मध्यम आणि मोठा आवाज दिला जातो. आवाज मधोमध वाटतो की एका कानाकडे झुकतो, हे मुलाला विचारतात. सांगता न येणाऱ्या लहानग्यांच्या प्रतिसादावरून ते ताडावे लागते. झुकाव आढळला तर बहुधा श्रवणयंत्राचा आवाज कमीजास्त करून समतोल साधतात. तो केवळ मध्यम आवाजाला साधून भागत नाही. मोठे आवाज दाबण्याची आणि हलके आवाज उचलण्याची दोन्ही यंत्रांची रीत निराळी असते. त्यामुळे कुजबुज एका बाजूला आणि आरोळी दुसऱ्या बाजूला झुकू शकते.

आणखी एक बाब वेळेची. बाजूने आलेला आवाज दोन कानांपर्यंत पोचण्यात एका मिलिसेकंदाहूनही कमी अंतर पडते आणि मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. डिजिटल श्रवणयंत्राला मात्र आवाजावर प्रक्रिया करायलाच काही मिलिसेकंद लागतात. काही नव्या प्रोसेसरमध्ये हा विलंब जुळवून घेण्याची सोय आहे. ती आपल्या यंत्रात आहे का, हे ऑडिओलॉजिस्टना अवश्य विचारावे.

एक सावधगिरी मात्र हवी. सरावाच्या श्रवणयंत्राकडे मुलाचा ओढा राहतो आणि नव्याने ऐकू लागलेला कान मागे पडतो. त्यासाठी दिवसातील ठरावीक वेळ केवळ इम्प्लांटवर ऐकण्याचा सराव देतात. हा सराव तात्पुरता असतो. श्रवणयंत्र कायमचे बाद करण्याचा तो सल्ला नव्हे.

भाषेचा मुद्दाही दुय्यम नाही. कमलनगरच्या मुलाची चाचणी मराठीत व्हायला हवी. शहरातल्या केंद्रावर ती कन्नडमध्ये किंवा हिंदीत झाली, तर शब्द चुकला तो ऐकू न आल्यामुळे की मुळातच अनोळखी असल्यामुळे, हे ठरवता येत नाही. घरी कोकणी किंवा मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या गोव्यातील मुलालाही हेच लागू आहे. घरात रोज वापरले जाणारे शब्द लिहून सोबत नेले तर तज्ज्ञांचे काम सुकर होते.

दोन भेटींच्या मधल्या काळात घरच्या घरी एक परीक्षा घेता येते. मुलाच्या मागे उभे राहून आ, ऊ, ई, म्, श्, स् हे सहा ध्वनी क्रम बदलून उच्चारावेत. हाताने तोंड झाकू नये. त्याने ‘स्’सारखे ध्वनी दबतात. आधी केवळ इम्प्लांटवर, मग केवळ श्रवणयंत्रावर आणि शेवटी दोन्ही लावून ही परीक्षा घ्यावी. श्रवणयंत्रावर ‘श्’ किंवा ‘स्’ ऐकू न येणे हा यंत्राचा दोष असेलच असे नाही. पण काल ऐकू आलेला ध्वनी आज येत नसेल तर बॅटरी, साचा आणि वायर तपासावी व तरीही फरक न पडल्यास केंद्राशी संपर्क साधावा.

या परीक्षेचा निकाल, चुकणारे शब्द, कोणत्या बाजूचा आवाज मोठा वाटतो आणि कुठे ऐकणे जड जाते, हे वहीत तारखेसह टिपून ठेवावे. मॅपिंगला जाताना ही वही आणि दोन्ही यंत्रे बरोबर असावीत. नुसते इम्प्लांट घेऊन गेलेल्या मुलाचा एकच कान जुळवता येतो आणि दुसऱ्यासाठी तोच लांबचा प्रवास पुन्हा करावा लागतो.