कडक स्प्रिंग, कमरेवर भार

नागपूरहून कामठीकडे जाणाऱ्या उड्डाणपुलावर झोकात धावणारी स्पोर्टी कार खाली गतिरोधकावर आदळली, की कडक स्प्रिंगचा परिणाम कमरेला कळतो. साधी कार धक्क्यानंतर सेकंदाला साधारण 1 ते 1.5 वेळा वर-खाली होते. ट्रॅकसाठी स्प्रिंग कडक केल्यास हे प्रमाण 2 किंवा अधिक होते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला 4 ते 6 कंपनांनी सर्वाधिक हादरतो. कडक गाडी त्या टप्प्याच्या जवळ सरकते. शिवाय खडबडीत रस्त्यावर चाक उडते, पकड सुटते आणि ब्रेक लावूनही गाडी उशिरा थांबते. गाडी दोन्हीकडे चालवायची असेल, तर स्प्रिंग थोडीच कडक घ्यावी. तिला जुळणारे, कमी-जास्त करता येणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवावेत. ट्रॅकवरून परतताना ते नरम करावेत. कंबर सतत दुखत असेल, तर गॅरेजआधी डॉक्टरांकडे जावे.