पत, अब्रू आणि कार्डाची थकबाकी

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने बोरीवलीत क्रेडिट कार्डावर बोलावं, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. पण पत आणि अब्रू या एकच गोष्टी आहेत की दोन, हा प्रश्न आमच्याच प्रांतातला. पगार थांबलेल्या घरात तो दर महिन्याला बिलासोबत येतो.

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. पगार त्याआधीच रखडले होते. कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ७ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे साडेपाच वर्षांनी. तोवर घराचा हप्ता, शाळेची फी, वाणसामान थांबतं थोडंच? आपल्या उपनगरांतल्या किती घरांत तेव्हा कार्ड बाहेर आलं असेल! अशा माणसाला 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ऐकवण्यात अर्थ नाही. त्याचं अंथरूणच ओढून नेलंय. कर्ज काढून तूप पिणारे म्हणून चार्वाकांना आपण नावं ठेवतो. (तेही वचन आपल्यापर्यंत पोचलं ते त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून, पण ते असो.) इथे तूप नाही, इथे डाळ-तांदूळ आहे.

आता गणित बघा. थकबाकी १ लाख, व्याज महिना साडेतीन टक्के. म्हणजे ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. तुम्ही पोटाला चिमटा काढून ५,००० भरलेत, तर मुद्दल उतरलं फक्त ८७० रुपयांनी. शिवाय बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या दुधावरही आजपासून व्याज. 'किमान देय रक्कम' या शब्दांत मोठी फसगत आहे. ती भरून दंड टळतो, कर्ज हलत नाही.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. सावकाराने एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. मुंबई इलाख्यातली न्यायालयंही तो मानत. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. आजच्या कार्डाला असं कुंपण नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. मला हे पटलेलं नाही, पण आज कायदा असा आहे.

मागच्या वेळी एक चिठ्ठी आली होती. 'सर, तुरुंगात टाकतील का?' नाव नव्हतं, अक्षर थरथरतं होतं. नीट ऐका. पैसे नाहीत म्हणून फेडता आलं नाही, एवढ्यावरून तुरुंग नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हे स्पष्ट केलंय. ऐपत असून टाळणं वेगळं. आणि न वटलेल्या चेकचा गुन्हा वेगळा. म्हणून वसुलीवाल्याच्या दबावाखाली पुढच्या तारखांचे चेक देऊ नका. फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. नातेवाईकांना, मित्रांना छळणं, चारचौघांत अपमान करणं, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, आणि तिथे फी नाही.

मग द्यायचं कुणाला आधी? घर चालवणं, वीज, औषधं, घराचा हप्ता. कार्ड त्यानंतर, कारण त्यामागे तारण नाही. भविष्यनिर्वाह निधीला न्यायालयाची जप्तीही हात लावू शकत नाही, तो घाबरून स्वतःच काढून कार्डात ओतू नका. सोनं तारण ठेवायचं? नव्या नोकरीची तारीख हातात असेल तर हिशेब जुळतो, कारण तिथे व्याज खूप कमी. तारीख नसेल तर सोनंही जाईल.

आता अवघड भाग. नोकरी गेल्यावरही डबा घेऊन चर्चगेट लोकल पकडणारे, नाहीतर नॅशनल पार्कात दिवस काढणारे लोक आहेत. बायकोला सांगायची लाज वाटते. देणं हे दायित्व आहे, ते मी नाकारत नाही. पण दायित्व जेवढ्या रकमेचं, तेवढंच. माणूस त्या रकमेत मोजला जात नाही. पत बँक ठरवते. अब्रू बँकेने दिलेली नाही, मग ती बँक काढून कशी घेईल? आज रात्री घरात सांगा. कागदावर आकडे मांडायला दोन डोकी लागतात.

मग बँकेला पत्र लिहा, ईमेल चालेल. नोकरी अमुक तारखेला गेली, पुरावा सोबत, महिन्याला एवढंच देऊ शकतो, थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदला, कार्ड बंद करा. तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवता येतं, लोकअदालतीतही. मात्र सिबिलच्या नोंदीत 'सेटल्ड' असा शेरा लागतो आणि पुढे कर्ज मिळणं जड जातं. तरीही कधी कधी तोच रास्ता मार्ग असतो. फोनवर ठरलं म्हणून पैसे भरू नका. बँकेचं लेखी पत्र आधी हातात घ्या, पैसे बँकेच्याच खात्यात भरा, वसुलीवाल्याच्या नव्हे, आणि शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्या.