आगोटीआधीची कौलं आणि वेबसाइटमधलं भोक : 'पॅच' म्हणजे नेमकं काय?



वर्षभरात मुलांची केवढी माहिती आपण ऑनलाइन भरतो, याचा कधी हिशोब केलाय? यू-डायस प्लस, सरल, आरटीई प्रवेश, शिष्यवृत्ती. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, पालकांचा मोबाईल, बँक खातं, सगळंच. मधेच एखाद्या दिवशी पोर्टलवर 'देखभालीसाठी सेवा बंद आहे' अशी पाटी दिसते आणि आपण वैतागतो. आपल्या मोबाईलवर 'अपडेट करा' असं आलं की 'नंतर' दाबून मोकळे होतो. त्या बंद काळात काय चाललेलं असू शकतं आणि 'नंतर'ची किंमत किती मोठी होऊ शकते, हे आज समजून घेऊ.

सांगाडा एक, घरं हजार

मोठी वेबसाइट कोणी पहिल्या विटेपासून बांधत नाही. फॉर्म स्वीकारणं, फाइल अपलोड करून घेणं, चूक झाली तर संदेश दाखवणं, ही कामं सगळ्याच वेबसाइटना लागतात. त्यासाठी तयार सांगाडा मिळतो. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आपण वासे आणि कौलं तयार आणतो, तसंच हे. पण कौलाच्या साच्यातच खोट असेल तर? त्या साच्याचं कौल ज्या ज्या घरावर चढलं, ते प्रत्येक घर गळणार. अशा खोटीला सुरक्षेतील त्रुटी म्हणतात आणि ती बुजवणाऱ्या दुरुस्तीला पॅच.

मार्च २०१७ मध्ये 'अपाची स्ट्रट्स' या मोफत मिळणाऱ्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये अशी त्रुटी जाहीर झाली. ती कशी होती, हे शाळेच्या भाषेत सांगते. अर्ज घेणाऱ्या खिडकीवर एक कारकून बसलाय. अर्जावर एक रकाना आहे : 'सोबत कोणत्या प्रकारचा कागद जोडला आहे?' कोणीतरी त्या रकान्यात लिहिलं, 'कपाटाची किल्ली मला द्या.' कारकुनाला हा प्रकार ओळखता आला नाही. मग 'अर्ज चुकीचा आहे' असा शेरा लिहिताना त्याने रकान्यातला मजकूर वाचला, आणि तो हुकूम समजून चक्क किल्ली देऊन टाकली! स्ट्रट्समध्ये हेच होत होतं. फाइल अपलोडच्या विनंतीत फाइलचा प्रकार सांगणारी एक ओळ असते. ती चुकीची निघाली की त्रुटीचा संदेश तयार होताना त्या ओळीतला मजकूर आज्ञा म्हणून चालवला जाई. पासवर्ड लागत नव्हता, खातं लागत नव्हतं. २.३ मालिकेत २.३.३२ आणि २.५ मालिकेत २.५.१०.१ या आवृत्त्यांमध्ये ही दुरुस्ती आली.

पॅच आला, पण लागला नाही

अमेरिकेतली इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवते. ८ मार्चला तिथल्या सरकारी यंत्रणेने या त्रुटीचा इशारा दिला. ९ मार्चला कंपनीत ४०० हून अधिक जणांना मेल गेला : ४८ तासांत पॅच लावा. १५ मार्चला तपासणीही झाली, आणि तिच्यात काहीच सापडलं नाही. प्रत्यक्षात ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका पोर्टलमध्ये जुनं स्ट्रट्स तसंच होतं. १३ मेपासून चोर आत होते. २९ जुलैला ते लक्षात आलं. १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली.

इथे एक गोष्ट शिक्षकांनी जरूर बघावी. इशारा वेळेत आला, आदेशही निघाला. पण मेल ज्या यादीवर गेला ती यादी जुनी होती, आणि कोणतं सॉफ्टवेअर कुठे चालतंय याची धड नोंदच नव्हती. आपल्याकडे डेडस्टॉक रजिस्टर असतं ना? खुर्च्या किती, कपाटं किती, कोणत्या खोलीत. सॉफ्टवेअरचं तसं रजिस्टर नसेल तर तपासणारा एक खोली बघतो आणि 'सर्व ठीक' लिहून जातो.

त्रुटीचं मूल्यमापन कसं करतात?

प्रत्येक त्रुटीला धावत सुटायचं नसतं. जाणकार माणसं चार प्रश्न विचारतात.

१. ही गोष्ट आपल्याकडे आहे का? असल्यास कोणत्या आवृत्तीची?
२. ती बाहेरच्या माणसाला उघडी आहे का, की फक्त आतल्या खोलीत आहे?
३. त्रुटी किती गंभीर आहे? यासाठी ० ते १० असे गुण देतात. इथे मात्र गुण जास्त म्हणजे निकाल वाईट! ९ च्या वर 'अतिगंभीर'. डिसेंबर २०२१ मध्ये गाजलेल्या 'लॉग४जे'च्या त्रुटीला १० पैकी १० होते.
४. तिचा गैरवापर सुरू झालाय का, आणि तिच्यामागे कोणती माहिती ठेवली आहे?

मग दुरुस्तीची पाळी. आधी माहितीची प्रत काढून ठेवायची. पॅच नकली व्यवस्थेवर लावून बघायचा, मग खऱ्या व्यवस्थेवर. लावल्यावर खरंच लागला का हे पुन्हा तपासायचं. पॅच लगेच लावता येत नसेल तर ताडपत्री टाकायची, म्हणजे तो भाग बंद ठेवायचा किंवा संशयास्पद विनंत्या दारातच अडवायच्या. पण ताडपत्री म्हणजे कौल नव्हे. शेवटचं काम बरेच जण विसरतात : भोक बुजवण्याआधी कोणी आत येऊन गेलंय का, हे जुन्या नोंदींत शोधायचं. चोर घरात असताना दार लावून काय उपयोग?

एका पॅचने काम संपतंच असंही नाही. लॉग४जेची पहिली दुरुस्ती २.१५.० अपुरी ठरली. त्याच महिन्यात २.१६.० आणि २.१७.० काढाव्या लागल्या.

आपल्या कोकणातलं उदाहरण

त्याच मार्च २०१७ मध्ये, १४ तारखेला, मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीचा पॅच दिला. ही त्रुटी फ्रेमवर्कमधली नव्हे, संगणकांनी आपापसात फाइली देण्याघेण्याच्या व्यवस्थेतली होती. २७ जूनला 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू युक्रेनमधून जगभर पसरला, आणि त्याचा फटका आपल्या रायगड जिल्ह्यातल्या न्हावा-शेवाच्या बंदरापर्यंत आला. जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं गेटवे टर्मिनल अडलं. संगणक बंद, काम हाताने करायची वेळ. मर्स्कला जगभरात ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

यात दोन बारकावे आहेत. हा विषाणू एका संगणकात शिरला की तिथले पासवर्ड चोरून पॅच लावलेल्या संगणकांतही जाई. म्हणजे एकाने 'नंतर' म्हटलं तरी शेजाऱ्याचं घर भिजतं. दुसरं, युक्रेनमध्ये तो शिरला तो एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. चोरांनी त्या कंपनीचीच यंत्रणा ताब्यात घेतली होती. म्हणून अपडेट करायचं हे खरं, पण माहितीची वेगळी प्रतही ठेवायची.

मग आपण काय करायचं?

पोर्टलचा पॅच आपल्या हातात नाही. पण शाळेचा संगणक आणि घरचा मोबाईल आहे.

– शाळेतल्या प्रत्येक संगणकाची नोंद करा : कोणती विंडोज, शेवटचं अपडेट कधी. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून दुरुस्ती मिळत नाही. विंडोज १० चीही सर्वसाधारण मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. अशा संगणकावर मुलांची माहिती भरू नका.
– अपडेट फक्त सेटिंगमधून किंवा अधिकृत स्टोअरमधून. व्हॉट्सॲपवर आलेल्या 'नवीन अपडेट' फाइलला हात लावू नका.
– एकच पासवर्ड सगळ्या पोर्टलना नको. तो फळ्याशेजारच्या चिठ्ठीवर तर नकोच.
– जुन्या याद्या, आधारच्या प्रती संगणकात साठवू नका. जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही.
– पालकहो, पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा.

वर्गात कसं सांगाल?

चौथी-पाचवीला हा खेळ घ्या. एक मूल 'संगणक' होईल. बाकीची मुलं चिठ्ठीवर नाव लिहून देतील, संगणकाने ते वाचायचं. चिठ्ठीत जे लिहिलंय ते वर्गाने करायचं, असं आधी ठरवा. एका चिठ्ठीवर गुपचूप लिहा : 'सगळे उभे राहा.' वर्ग उभा राहतो, हसू फुटतं. मग नियम बदला : 'नावाच्या चिठ्ठीत काहीही असो, ते फक्त नाव.' पुन्हा खेळा. आता कोणी उठत नाही. मुलांना सांगा, आपण आत्ता पॅच लावला. माहिती आणि हुकूम यांतला फरक दहा वर्षांच्या मुलाला कळतो. स्ट्रट्सची सगळी गोष्ट तेवढीच आहे.

आपल्याकडे मे महिन्यात आकाश कोरडं असतानाच कौलं परततात, कारण मिरगाचा पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढता येत नाही. आज शाळेत गेल्यावर आधी तो कोपऱ्यातला संगणक सुरू करा आणि शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. तारीख रजिस्टरमध्ये लिहा. सुरुवात तिथूनच होईल.