संगणकाला दहा पैसे का जमत नाहीत?

उल्हास नदीकाठच्या दहिवलीत भाजी घ्यायला गेलात, तर कानावर काय पडेल? अर्धा किलो भेंडी, पाव किलो गवार, अदपाव मिरची! किलोचा अर्धा, अर्ध्याचा अर्धा, त्याचाही अर्धा. असला हिशेब असला की संगणक खूश, कारण त्याला एवढंच येतं. त्याच्याकडे अंक दोनच, 0 आणि 1. म्हणून एकापेक्षा लहान संख्या तो अर्धा, पाव, आठवा भाग, सोळावा भाग असे तुकडे जोडूनच बनवतो.

आता त्याला एक दशांश, म्हणजे 0.1, बनवायला सांगा. सोळावा भाग घेतला, झाले 0.0625. त्यात बत्तिसावा घातला, झाले 0.09375. चौसष्टावा घालावा तर बेरीज 0.1 च्या पुढे उडी मारते! तो नको, एकशे अठ्ठाविसावाही नको. दोनशे छप्पन्नावा चालतो: 0.09765625. जवळ आलो, पण पोचलो नाही. आणि पोचणारही नाही, कितीही तुकडे घाला! मग संगणक करतो काय? 1985 साली ठरलेल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे 53 द्विमान (म्हणजे 0 किंवा 1) अंकांवर थांबतो आणि जवळात जवळची संख्या धरून पुढे जातो. म्हणूनच पायथॉन या प्रोग्राम लिहायच्या भाषेत 0.1 + 0.2 लिहिलं की उत्तर येतं 0.30000000000000004. शेवटी तो 4 कुठून आला, कळलं ना?

त्याला हसू नका हं. 1 ला 3 ने भागा, आपलेही 0.333... संपत नाहीत.

खरी गंमत पुढेच आहे. आपले जुने पैसे संगणकाला अगदी नेमके जमले असते! रुपयाचे आणे 16. अधेली आठ आण्यांची, पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची. चवली म्हणजे बरोब्बर 0.125 रुपया. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले. आपला हिशेब सोपा झाला, संगणकाचा अवघड. (तेव्हा त्याला विचारणार तरी कोण म्हणा!)

बिलाचा प्रोग्राम लिहिणारी हुशार मंडळी म्हणूनच 10.10 रुपये असं न ठेवता सरळ 1010 पैसे ठेवतात. पूर्ण संख्येत तुकडे जोडायची भानगडच नाही.

शाळेतल्या संगणकावर पायथॉन असेल, तर आधी 0.5 + 0.25 करून पाहा, मग 0.7 + 0.1. दुसरं उत्तर 0.8 पेक्षा कमी आलं की जास्त, ते आम्हाला जरूर कळवा.