जुन्या गाडीचा एसी : आधी गळती शोधा, मग गॅस भरा

मार्च उलटला की जुन्या गाड्यांचे हौशी मालक एसीवाल्याच्या गॅरेजकडे वळतात. मागणी बहुतेकांची एकच असते : ‘गॅस संपलाय, भरून द्या.’ मेकॅनिक मीटर लावतो, सिलेंडरचा नॉब फिरवतो, थोड्या वेळात जाळीतून गार हवा येऊ लागते आणि मालक खूश होऊन घरी जातो. पावसाळा लागेपर्यंत गारवा टिकला तर टिकला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच गॅरेज, तीच मागणी आणि तेवढाच खर्च.

गाडीचा एसी गॅस खात नाही, हे एकदा नीट समजून घेतले तर हा वार्षिक फेरा थांबतो. पेट्रोल जळून जाते, रेफ्रिजरंट जळत नाही. ते बंद नळ्यांमध्ये फिरत राहते. कंप्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये ते उष्णता सोडून द्रव होते. ड्रायरमध्ये त्यातला ओलावा आणि कचरा गाळला जातो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून ते डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटते, तिथे उकळते, केबिनमधली उष्णता उचलते आणि वायू होऊन परत कंप्रेसरकडे जाते. या चक्रात खर्च होण्यासारखे काही नाही. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर पडला आहे. ती जागा न शोधता गॅस भरणे म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणे.

घरचा फ्रिज गळत नाही, मग गाडी का गळते?

घरातला फ्रिज वीस-वीस वर्षे गॅस न भरता चालतो. त्याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. फ्रिजची मोटर आणि कंप्रेसर एकाच पोलादी डब्यात वेल्डिंग करून बंद केलेले असतात आणि नळ्यांचे सांधेही ब्रेझिंगने पक्के जोडलेले असतात. गाडीत ही सोय नाही. तिथे कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे त्याचा शाफ्ट बाहेर काढावाच लागतो. फिरत्या शाफ्टभोवती गॅस अडवण्याचे काम एका सीलकडे असते. शिवाय इंजिन थरथरते, म्हणून कंप्रेसरला रबरी होज लागतात. होजच्या टोकांना दाबून बसवलेले क्रिंप असतात, सांध्यांमध्ये ओ-रिंग असतात आणि गॅस भरण्याच्या तोंडाशी छोटे व्हॉल्व्ह असतात. गळतीची नेहमीची ठिकाणे हीच.

शाफ्टच्या सीलचे एक वैशिष्ट्य जुन्या गाडीच्या मालकाने मनात कोरून ठेवावे. हे सील तेलाच्या पातळ थरामुळे घट्ट राहते आणि ते तेल कंप्रेसर फिरला तरच तिथे पोचते. सहा महिने आच्छादनाखाली उभ्या राहिलेल्या गाडीचे सील कोरडे पडते आणि गॅस हळूहळू निसटतो. म्हणून थंडी-पावसातही आठवड्यातून दहाएक मिनिटे एसी चालवावा. याला एक पैसा लागत नाही आणि बऱ्याच गळत्या सुरूच होत नाहीत.

प्रत्येक गाडीची आपली दुखरी जागा असते. १९७६ साली आलेल्या मर्सिडीज डब्ल्यू-१२३ मालिकेतल्या बऱ्याच गाड्यांत जनरल मोटर्सचा आर-४ जातीचा आखूड, गोल कंप्रेसर आहे. त्याच्या पुढच्या सीलमधून आणि बाहेरच्या कवचाखालच्या ओ-रिंगमधून होणारी गळती या गाड्यांच्या जाणकारांना चांगली ठाऊक आहे. त्यानंतरची डब्ल्यू-१२४ तर आपल्या घरची. १९९५ साली मर्सिडीजने भारतात गाड्या बनवायला सुरुवात केली ती पुण्याजवळ पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, आणि याच मॉडेलने. या गाडीची कूलिंग कॉइल गळण्यासाठी बदनाम आहे. कॉइल स्वस्तात मिळाली तरी तिथवर पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. निदान चुकले तर हा सगळा खटाटोप वाया जातो, म्हणून अशा गाडीत शोधकामाला दुरुस्तीइतकेच मोल आहे.

डाग, फेस आणि नायट्रोजन

शोधाची सुरुवात टॉर्च आणि डोळ्यांनी करावी. रेफ्रिजरंटबरोबर कंप्रेसरचे तेलही फिरत असते. गॅस निसटतो तेव्हा हवेत विरून जातो, तेल मात्र जागेवर राहते आणि त्यावर धूळ बसते. होजच्या क्रिंपपाशी, कंडेन्सरच्या कोपऱ्यात, नळीच्या नटाखाली काळपट, चिकट डाग दिसला की तिथे संशय घ्यावा. कंप्रेसरच्या क्लचमागे बोट फिरवून पाहावे. तिथे ओलसर तेल लागले आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला त्याच रेषेत तेलाचे शिंतोडे उडालेले दिसले, तर शाफ्टचे सील गेले आहे. इंजिन ऑइलची गळती जवळ असेल तर मात्र फसगत होते. म्हणून आधी जागा धुऊन, पुसून कोरडी करावी आणि काही दिवसांनी पुन्हा पाहावी.

पुढची पायरी कोरड्या नायट्रोजनची. सिस्टीममध्ये उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा आणि रेग्युलेटर लावून नायट्रोजन साधारण १५० पीएसआयपर्यंत भरायचा. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस ब्रशने लावायचा. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते. बारीक गळतीला वेळ लागतो, कधी कधी फेसाचा लहानसा पुंजका जमायला पाच-दहा मिनिटे जातात. घाईचा माणूस तेवढ्यात पुढच्या सांध्याकडे गेलेला असतो.

फेसाने काही दिसले नाही तर मीटर लावून गाडी रात्रभर तशीच ठेवावी. इथे तापमानाचा हिशेब सोडून चालत नाही. पहाटे २० अंशांना १५० पीएसआय दाखवणारा मीटर दुपारी ३५ अंशांना १५८च्या आसपास जाईल आणि रात्री तेवढाच खाली येईल, तेही कणभर गळती नसताना. म्हणून दोन्ही नोंदी सारख्याच तापमानाला घ्याव्यात. नायट्रोजनऐवजी साधी दाबलेली हवा भरू नये, कारण तिच्याबरोबर ओलावा आत जातो. ऑक्सिजन तर कधीच भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

बऱ्याच ठिकाणी व्हॅक्यूम पंप लावतात, काटा अर्धा तास स्थिर राहिला की ‘लीकेज नाही’ असे सांगतात. ही परीक्षा अपुरी आहे. व्हॅक्यूममध्ये दाबाचा फरक जास्तीत जास्त १४.७ पीएसआय असतो आणि तोही बाहेरून आत. गाडी चालू असताना कंडेन्सरकडच्या नळ्यांवर आतून बाहेर २०० पीएसआय किंवा त्याहून जास्त दाब असतो. व्हॅक्यूममध्ये गप्प बसलेली ओ-रिंग त्या दाबाला दगा देते.

कूलिंग कॉइल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर कामाला येतो. रेफ्रिजरंट हवेपेक्षा जड असल्याने ते खाली उतरते. पंखा बंद ठेवून थोडा वेळ थांबावे आणि डिटेक्टरचे टोक पाणी जाण्याच्या नळीपाशी आणि डॅशबोर्डच्या जाळीत धरावे. अतिनील प्रकाशात चमकणारा रंग तेलात मिसळून काही दिवस गाडी चालवणे हाही चांगला उपाय आहे.

दुरुस्तीतले बारकावे

जागा सापडली की काम बहुधा साधे असते, पण ते नीट करावे लागते. ओ-रिंग एक गळत असली तरी हाताला लागणाऱ्या सगळ्याच बदलाव्यात, कारण त्यांचे वय सारखेच असते. नवी रिंग हिरव्या एचएनबीआर रबराची घ्यावी, ती सिस्टीमच्याच तेलात भिजवून बसवावी. नट उघडताना आणि आवळताना दोन पाने लागतात. एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने समोरची बाजू धरून ठेवायची. नाहीतर जुनी अॅल्युमिनियमची नळी पिळवटते आणि एक गळती बुजवताना दुसरी तयार होते.

सिस्टीम उघडली की ड्रायर बदलायचाच. आत शिरलेला ओलावा व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो आणि तेल-गॅसशी संयोग होऊन आम्ल बनवतो. ते आम्ल कूलिंग कॉइलला आतून खाते. हाच ओलावा काढण्यासाठी व्हॅक्यूम लागतो. समुद्रसपाटीला काटा २९ इंचांवर गेला की आतले पाणी साध्या २५ अंशांनाही उकळू लागते आणि पंप वाफ ओढून घेतो. पंप किमान तासभर तरी चालू ठेवावा.

आर-१२चा वारसा

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बहुतेक गाड्या आर-१२ वायूवर चालत. १९२८ साली थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला तेव्हा तो वरदान वाटला, कारण तो जळत नव्हता आणि विषारीही नव्हता. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की असे वायू वर जाऊन ओझोनचा थर पोखरू शकतात. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला आणि २००८ साली, दमेकऱ्यांच्या इनहेलरसारखा अपवाद वगळता, देशात या वायूंचे उत्पादन थांबले.

आता अशा गाड्या आर-१३४ए वर आणाव्या लागतात. त्यासाठी नुसता गॅस बदलून भागत नाही. आर-१२चे खनिज तेल नव्या गॅसमध्ये विरघळत नाही. ते नळ्यांत अडकून पडते आणि कंप्रेसर कोरडा फिरतो. म्हणून जुने तेल काढून एस्टर तेल भरतात. नव्या गॅसचे रेणू लहान असल्याने ते जुन्या होजच्या रबरातूनच झिरपतात, तेव्हा आत नायलॉनचा थर असलेले होज लागतात. गॅस वजनाने आर-१२च्या ८० ते ९० टक्केच भरायचा. त्याचा दाब उन्हाळ्यात जास्त चढतो, म्हणून मोठा कंडेन्सर आणि जोडीला विजेवरचा पंखा बसवला तर ट्रॅफिकमध्येही गारवा टिकतो.

दोन पळवाटा मात्र टाळाव्यात. गळती आतून बुजवणारे डब्यातले रसायन व्हॉल्व्ह आणि रिकव्हरी मशीन दोन्ही चोंदवते. दुसरी पळवाट म्हणजे कुठलाही स्वस्त सिलेंडर. आर-१३४ए म्हणून विकल्या जाणाऱ्या भेसळीत कधी मिथाइल क्लोराइड निघते. ते अॅल्युमिनियमशी संयोग होऊन हवा लागताच पेटणारे रसायन तयार करते. २०११ साली जहाजांतून माल नेणाऱ्या शीतपेट्यांमध्ये अशाच भेसळीमुळे स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले.

हवेत सोडलेला प्रत्येक ग्रॅम

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमानवाढ करतो. अर्धा किलो गॅस सुटला तर ७०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेल्यासारखे आहे. म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्याइतके. आर-१२ तर दहा हजार पटींहून घातक. हौसेची जुनी गाडी वर्षभरात तेवढे पेट्रोल जाळतही नसेल, आणि तिचा गळका एसी मात्र दर उन्हाळ्यात तेवढे नुकसान करतो.

म्हणून यंदा गॅरेजमध्ये गेल्यावर आधी विचारा : गळती कुठे आहे, ती कशी तपासली, नायट्रोजनचा दाब रात्रभर टिकला का, ड्रायर बदलला का, जुना गॅस मशीनने काढणार की हवेत सोडणार? जो मेकॅनिक या प्रश्नांची सरळ उत्तरे देतो आणि शोधकामाला एक-दोन दिवस मागतो, त्याला ते दिवस द्या आणि त्या शोधाचे पैसे आनंदाने द्या. जुन्या गाडीच्या एसीत खरे कसब तिथेच लागते. गॅस भरणे हे त्यातले शेवटचे आणि सगळ्यात सोपे काम आहे.