गिट्टी आणि फुफाटा

मुलांनो, नांदेड-लातूरकडे एस.टी.तून जाताना राखाडी पडलेल्या बाभळी कधी पाहिल्यात? जवळपास गिट्टीचं क्रशर आहे असं खुशाल समजा!

गिट्टी सगळ्यांनाच लागते. रस्ता, पूल, शाळेचा स्लॅब... 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची घरं कोसळली. त्यानंतर नवी गावं काँक्रीटची उभी राहिली, तिथंही गिट्टी आलीच. म्हणून 'क्रशर बंद करा' म्हणून भागत नाही. भांडण आहे ते धुळीशी.

खाणीत सुरुंगानं दगड फोडतात. क्रशरच्या लोखंडी जबड्यात तो चिरडतो, चाळला जातो, पट्ट्यावरून ढिगावर पडतो. वर कच्च्या रस्त्यानं डंपरच्या खेपा! प्रत्येक ठिकाणी फुफाटा. त्यातले जाड कण लवकर खाली बसतात. तुरीच्या पानांवर थर साचतो, पानाला पुरेसं ऊन मिळत नाही. खरे लबाड बारीक कण. केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाहून लहान! ते नाकाला चकवून थेट छातीत उतरतात. खोकला येतो, दमा बळावतो.

सगळा दगड सारखा नसतो, बरं का. लातूरचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे मात्र ग्रॅनाइट सापडतो. त्यात गारगोटी, म्हणजे सिलिका, भरपूर. ही धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो. फुप्फुसात गाठी होतात, ते कडक होत जातं. तो बरा करणारं औषध आजही नाही. क्षयरोगही अशा माणसाला लवकर गाठतो. सर्वांत जास्त धोका क्रशरवरच्या मजुरांना.

नियम आहे. क्रशरपासून 40 मीटरवर त्याच्या धुळीची भर दर घनमीटर हवेत 600 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. उपायही ठाऊक आहेत : पाण्याचे फवारे, यंत्रावर पत्र्याचं आच्छादन, वारा अडवणारी भिंत, आतला रस्ता पक्का, भोवती झाडं. पण 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा उन्हाळ्यात फवाऱ्याला पाणी कुठलं? म्हणून मला वाटतं, आपल्याकडे पत्रा आणि भिंत आधी हवी. त्यांना तहान लागत नाही.

तुमच्या गावची धूळ बघायचीय? दोन पांढऱ्या कार्डांना खोबरेल तेलाचा हात फिरवा. एक घरात ठेवा, एक अंगणात. दुसऱ्या दिवशी भिंगातून कण मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. खाणीकडे मात्र फिरकायचं नाही हं!